पोरी नर्सिंग अर्धवट सोडतात ते कष्ट नकोत म्हणून?

गोदाकाठची_टीचर: काल इथे एकाने लिहिलं, ‘हल्लीच्या पोरींना कष्ट नकोत, म्हणून बी.एस्सी. नर्सिंग पहिल्याच वर्षी सोडतात.’ रात्रभर डोक्यातून गेलं नाही. बारा वर्षं शिकवतेय मी. सुरगाण्याची एक मुलगी होती, बारावीपर्यंत मराठी माध्यम. वहीत ‘ब्रेकियल प्लेक्सस’ देवनागरीत लिहून पहाटे पाचला उठून घोकायची. पहिल्या सेमिस्टरलाच अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी, सायकॉलॉजी, सगळं इंग्रजीतून अंगावर येतं. नापास झाली, घरी गेली, ती परत आलीच नाही. संध्याकाळी तासभर कुणी मराठीतून समजावलं असतं तर टिकली असती. आरोग्य विद्यापीठ आपल्या नाशिकच्या म्हसरूळला, राज्यभरच्या परीक्षा तिथून होतात, आणि आपल्याच जिल्ह्यातली पोर अशी गळते!

सिडकोवाला: लिहिणारा मीच. माझी बहीण पत्र्याच्या खोलीत अभ्यास करून जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झाली. कुणी शिकवणी घेतली नव्हती. उद्या औषधाचा डोस चुकला तर मराठी माध्यम म्हणून पेशंट माफ करेल का?

पेठरोड: इंग्रजीचं काय घेऊन बसलात? महाडीबीटीचे, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीचे, पैसे येईपर्यंत सेमिस्टर उलटतं, मेसवाला मात्र एक तारखेला दारात. माझ्या भाचीचं हॉल तिकीट कॉलेजने फीसाठी अडवलं. तिच्या आईने कानातलं गहाण ठेवलं.

ब्रदर_नाइट_ड्युटी: आणि वॉर्डातल्या पोस्टिंगचं, प्रॅक्टिकलच्या ड्युटीचं, कोण बोलणार? ८० टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येत नाही, पदवीआधी प्रॅक्टिकलची १०० टक्के भरावी लागते. मला कावीळ झाली, ते सगळे दिवस दिवाळीच्या सुट्टीत भरले. भरून केलं काय? स्टाफ कमी, म्हणून चादरी बदल, लॅबमधून रिपोर्ट आण. तिसऱ्या वर्षापर्यंत कॅथेटर (लघवीची नळी) हातात आला नव्हता.

सिडकोवाला: चादर बदलायला लाज वाटते? बेडमेकिंग हा पहिला धडा असतो.

ब्रदर_नाइट_ड्युटी: पहिला! तिसऱ्या वर्षीही तोच? शिकायला आलेल्या पोरांना फुकटचे हात समजतात. माझ्या बॅचचे दोघे यालाच कंटाळून गेले. तुम्ही एक रात्र वॉर्डात काढा, मग लाजेचं बोला.

पेठरोड: अहो, फीचं कुणी बोलाल का?

सिडकोवाला: आवाज चढवू नका. फुकट राबवणं चूक, हे मान्य. बहिणीचेही पाय सुजायचे. शिकवणी घ्यायची तर घ्या, पण पेपर इंग्रजीतच.

गोदाकाठची_टीचर: पेपर मराठीत द्या असं मी म्हटलंच कुठे? पेठरोड, भाचीची कागदपत्रं घेऊन या, कॉलेजला अर्ज मी लिहून देते. आणि सोमवारपासून संध्याकाळी सहा वाजता मी मराठीतून शिकवायला बसतेय, हृदयापासून सुरुवात. सिडकोवाले, तुमच्या ताई आठवड्यातून एकदा येतील का? पत्र्याच्या खोलीत त्या कशा शिकल्या, ते मुलींनी त्यांच्याच तोंडून ऐकावं.

सिडकोवाला: विचारतो. नाइट नसेल त्या दिवशी येईल.