मोहनभाऊंची आठवण : तुम्ही काय पाहिलंत?

मेंढा (लेखा) या गावाबरोबर काम केलेले मोहन हिराबाई हिरालाल २३ जानेवारी २०२५ रोजी गेले. श्रद्धांजलीचे लेख पुष्कळ आले. त्यांतल्या निम्म्यांत ‘तळमळीचा कार्यकर्ता’ होता, मोहनभाऊ नव्हते. म्हणून हे आवतन. मेंढा (लेखा) ज्यांनी पाहिलंय, गडचिरोलीच्या जंगलाशी ज्यांचा संबंध आलाय, त्यांनी स्वतःचं काय ते लिहा. विशेषणं नकोत.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात : मेंढा हे गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं गोंड गाव. १९८०च्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध ‘जंगल बचाओ, मानव बचाओ’ आंदोलन झालं. त्या धगीतून गावानं स्वतःच्या जंगलाचा कारभार हातात घ्यायचं ठरवलं. कागद कारखान्यासाठी होणाऱ्या बांबूतोडीला गाव आडवं गेलं. २००९मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी. मोहनभाऊ, त्यांची ‘वृक्षमित्र’ संस्था आणि गावातलेच देवाजी तोफा ही नावं या सगळ्यात येतातच.

समाजकार्याची तेव्हाची विद्यार्थिनी

प्रकल्पासाठी गेले होते. वहीत पहिला प्रश्न होता, ‘गावाचं नेतृत्व कोण करतं?’ ज्याला विचारीन तो म्हणे, ग्रामसभा. मला वाटलं, शिकवून ठेवलंय.

मग सभेत बसले. बहुमत त्यांना चालत नाही, सर्वसहमती लागते, हे वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि रात्री अकरापर्यंत मांडी घालून बसणं वेगळं. एका म्हातारीचा होकार येत नव्हता. सगळ्यांना घरी जायचं होतं, मला तर फारच. कुणी तिला गप्प केलं नाही. विषय पुढच्या सभेवर गेला. मी चिडून झोपले. प्रकल्पात त्या रात्रीबद्दल ‘निर्णयप्रक्रिया संथ’ असं लिहिलं होतं. आज ती ओळ वाचवत नाही.

निवृत्त वनरक्षक

कोणत्या परिक्षेत्रात होतो ते सांगत नाही. मी दुसऱ्या बाजूचा माणूस, हे आधी कबूल करतो.

बांबू म्हणजे गवत, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. पण १९२७च्या वन कायद्यात तो झाडात धरलेला. २००६च्या वनहक्क कायद्यानं त्याला गौण वनोपज म्हटलं, म्हणजे मालकी गावाची. गंमत अशी, की मालकी मिळाली आणि वाहतूक परवाना आमच्याकडेच राहिला. टीपी, म्हणजे हा परवाना, नाही तर नाक्यावर गाडी अडणार. स्वतःचा बांबू, स्वतःच्या जंगलातला, आणि विकायला नेला तर गुन्हा! आम्ही हे तोंड वर करून सांगायचो, कारण वरून तसंच आलेलं असे.

२७ एप्रिल २०११ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेला दिलं. त्या दिवशी आमच्यात बरीच कुजबुज झाली : आता दोन वर्षांत जंगल साफ. मीही बोललो होतो. पुढे त्यांची तोड पाहायला गेलो. कोवळे बांबू बेटात तसेच उभे, कापही खालून नीट. ठेकेदाराच्या माणसांची तोड मी आयुष्यभर पाहिली होती, त्यामुळे यापुढे काही बोललो नाही. कायद्यातून बांबू झाड म्हणून गेला तो २०१७मध्ये. तोवर मी घरी बसलो होतो.

दुसऱ्या गावच्या ग्रामसभेचा सचिव

आमच्या गावानं सामूहिक वनहक्काचा दावा भरला तेव्हा मेंढ्यावाल्यांना विचारायला गेलो. वाटलं, तयार अर्ज मिळेल, नावं बदलून देऊ. तसं काही मिळालं नाही. अभ्यासगट करा म्हणाले. मले तर रागच आला होता. कायदा वाचाचा आमी, अन् वकील कायले मंग?

पण बसलो. निस्तार पत्रक, म्हणजे गावाच्या जंगलवापराच्या जुन्या हक्कांची सरकारी नोंद, शोधलं. म्हाताऱ्यांचे जबाब पुरावा म्हणून चालतात, हे नियमात वाचलं तेव्हा आमचा एक आजा सरळ उठून उभा राहिला. त्यानं हद्द बोलून दाखवली : हा नाला, ते देवस्थान, तो मोहाचा जुना बुंधा. आम्ही चार पोरं मागे नकाशा काढत. तालुक्याच्या एका कार्यालयात तो दावा दोनदा हरवला, ते सोडून द्या. तिसऱ्यांदा पोच घेतली.

थोडं वेगळं मत

राग मानू नका, पण ‘मोहनभाऊंनी मेंढा घडवलं’ हे वाक्य मला खटकतं. गाव आधीपासून होतं, गोंडांचं गोटूल, म्हणजे तरुणांचं एकत्र जमायचं घर, होतं, धरणाविरुद्ध उभी राहिलेली माणसं होती. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा एकट्या माणसाची असूच शकत नाही. बाहेरून आलेल्या शिकलेल्या माणसाला श्रेय देऊन मोकळं होणं आपल्याला सोपं जातं. त्यांना स्वतःला हे आवडलं असतं असं मला वाटत नाही.

नावाबद्दल एवढंच

मोहनभाऊंच्या नावात आईचं नाव आधी, मग वडिलांचं. ते वाचून मी कॉलेजच्या अर्जावर तसंच लिहिलं. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, आडनाव? अर्ज परत आला.

धानोऱ्याकडची

मी लिहिणारी नाही, भाचा लिहून देतो. आधी बांबूची मोळी डोक्यावर असली की रस्ता सोडून चालायचो, कोणी पाहू नये म्हणून. टोपलीपुरता बांबू, तरी धाकधूक. आता रस्त्यानं येतो. आमच्या गावाचा हक्क उशिरा आला, तोवर सासू गेली. ती शेवटपर्यंत आडवाटेनंच यायची. सांगितलं तरी ऐकायची नाही.