सर्फ गिटारचा 'ओला' आवाज कसा काढायचा?

प्रश्न: १९६० च्या दशकातल्या दक्षिण कॅलिफोर्नियातला सर्फ गिटारचा (सर्फिंगच्या संस्कृतीतून आलेल्या संगीतातला) पाणी ठिबकल्यासारखा टपटपणारा आवाज हवा आहे. फेंडर कंपनीची जॅझमास्टर गिटार, ९ गेजच्या (बारीक) तारा आणि डिजिटल रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारं पेडल) आहे. रिव्हर्ब पूर्ण वाढवला की नुसता गोंधळ होतो.

उत्तर १: मुद्दा रिव्हर्ब किती यापेक्षा कुठे याचा आहे. १९६१ मध्ये आलेलं फेंडरचं स्प्रिंग युनिट (स्प्रिंगमधून आवाज नेऊन रिव्हर्ब देणारी पेटी) गिटार आणि अँपच्या (अँप्लिफायरच्या) मध्ये लागायचं. त्यावर ड्वेल, मिक्स, टोन अशी तीनच बटणं. ड्वेल म्हणजे स्प्रिंगला किती जोराचा धक्का बसतो ते. तो बराच वर ठेवा, मिक्स (मूळ आवाजात घुमारा किती मिसळतो ते) निम्म्याच्या आसपास. अँप स्वच्छ हवा. गेन (आवाज फाटायला लावणारी पातळी) वाढवला की आघाताची धार दबते आणि टपटप गायब. पेडलवर 'स्प्रिंग' निवडा, 'हॉल' नको. खरं युनिट घेतलंत तर स्पीकर कॅबिनेटवर ठेवू नका, स्प्रिंग थरथरून घुमायला लागतात.

उत्तर २: आधी तारा बदला. जॅझमास्टरच्या ब्रिजवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) तारांचा दाब मुळात कमी, त्यामुळे ९ गेज जोरात छेडली की तार खाचेतून निसटते. ११ किंवा १२ लावा, मग नेक (गिटारची मान) आणि इंटोनेशन (मानेवर सगळीकडे सूर बरोबर लागणं) पुन्हा जुळवा. सर्फ गिटारचा आद्य वादक डिक डेल तर याहून कितीतरी जाड तारा वापरायचा.

उत्तर ३: उजवा हात विसरू नका! तळव्याची कड ब्रिजवर हलकी टेकवून एकाच तारेवर सलग खाली-वर पिकिंग (पिकने तार छेडणं). ९० बीपीएमला (मिनिटाला ९० ठोके) सोळांशाने, म्हणजे एका ठोक्यात चार आघात, सुरू करा. जोर मनगटातून हवा. कोपर ताठ झाला की लय घसरते. डेलच्या या पिकिंगमागे त्याच्या लेबनीज घराण्यातल्या ढोलाची लय होती, म्हणून ते तालवाद्यासारखंच वाजवा.