मदत हवी आहे: मुलीच्या कर्लिंगसाठी ग्रँट किंवा स्कॉलरशिप (कॅनडा)

घाईत_आहे
लेकीला यंदा कर्लिंगच्या (बर्फावर जड दगड घसरवायचा खेळ) ज्युनिअर लीगमध्ये घालायचंय. फी, बूट, बर्फ घासायचा ब्रूम धरून आकडा आवाक्याबाहेर चाललाय. मुलांसाठी ग्रँट, स्कॉलरशिप असते म्हणतात. अर्ज कुठे करायचा? क्लबने शुक्रवारपर्यंत मुदत दिली आहे. कृपया "गूगल करा" सांगू नका, करून झालंय.

हिमगौर
प्रांत कोणता? मुलीचं वय? फी भरली की भरायची आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी द्या, सगळं त्यावर अडतं.

बिनधास्त_बंड्या
सँड्रा श्मर्लर फाउंडेशनला ईमेल टाका. कर्लिंगमधलं मोठं नाव आहे, नक्की देतील.

हिमगौर
बंड्या, ती संस्था नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागांसाठी निधी जमवते. श्मर्लर १९९८च्या नागानो ऑलिंपिकची सुवर्णविजेती स्किप (संघाची कप्तान), म्हणून कर्लिंगवाले तिच्यासाठी देणग्या गोळा करतात. पैसा इकडून तिकडे जातो, उलट नाही.

घाईत_आहे
सस्कॅचेवन, रेजायना. वय १३. फी भरायची आहे. आता सांगा.

प्रेअरीकर
स्कॉलरशिप हा शब्द तूर्त बाजूला ठेवा. कर्लिंग कॅनडाची 'फॉर द लव्ह ऑफ कर्लिंग' स्कॉलरशिप कॉलेज-विद्यापीठात शिकणाऱ्या कर्लर्ससाठी आहे. तेराव्या वर्षी उपयोग शून्य.
मुलांच्या खेळाच्या फीला मदत करणाऱ्या दोन संस्था तुमच्या कामाच्या: किडस्पोर्ट आणि कॅनेडियन टायर या दुकानसाखळीची जम्पस्टार्ट. दोन्ही उत्पन्न बघतात आणि पैसे तुमच्या हातात न देता थेट क्लबला पाठवतात. म्हणून आधी भरून मग परतावा मागायचा हा मार्ग सहसा बंद असतो. हिमगौर तेच विचारत होते.
क्रम असा: आज क्लबच्या रजिस्ट्रारला लिहा की किडस्पोर्टचा अर्ज करतोय, जागा धरून ठेवा आणि फीचा तपशील लेखी द्या. त्या कागदावर मुलीचं नाव, लीगचं नाव, हंगामाच्या तारखा, नेमकी रक्कम आणि चेक कोणाच्या नावाने काढायचा हे हवं. अर्ज अडकतात ते बहुतेक इथेच, कारण पालक "अंदाजे" रक्कम टाकतात आणि ती क्लबच्या आकड्याशी जुळत नाही. दुसरा कागद उत्पन्नाचा, म्हणजे सीआरएची (कॅनडाचं करखातं) नोटिस ऑफ असेसमेंट, रिटर्न तपासून ते पाठवतात ते पत्र. सगळी पानं जोडा, नुसतं पहिलं नको. ओळ क्रमांक १५००० म्हणजे एकूण उत्पन्न, २३६०० म्हणजे निव्वळ; फॉर्म कोणती मागतो ते नीट वाचा. घरात दोघे कमावते असतील तर दोघांची.

कर_सल्ला
इतकी यातायात कशाला? मुलांच्या खेळाची फी टॅक्समधून वजा होते. पावती ठेवा, झालं.

प्रेअरीकर
केंद्राची ती सवलत २०१७पासून बंद आहे. सस्कॅचेवनचा अ‍ॅक्टिव्ह फॅमिलीज बेनिफिट आहे, त्यालाही उत्पन्नाची मर्यादा आहे आणि तो रिटर्न भरल्यावर मिळतो. पावती जरूर जपा, पण शुक्रवारची फी त्यातून कशी भरणार?

कर_सल्ला
पर्याय सांगितला, एवढंच. शेवटी पैसा तो पैसाच.

ओवी_७७
१३ वर्षांच्या मुलीच्या हातात २० किलोचा दगड? पाठीचं काय?

हिमगौर
अवांतर आहे, तरी सांगते. दगड १७.२४ ते १९.९६ किलोचा असतो, पण तो उचलायचा नसतोच. हॅकमधून (बर्फात बसवलेला पायाचा आधार) पाय रेटायचा आणि घसरत जाऊन सोडायचा. अगदी लहान मुलांसाठी साधारण निम्म्या वजनाचे दगड असतात, त्या गटाला लिटल रॉक्स म्हणतात.

घाईत_आहे
एक राहिलं. आम्ही याच मार्चमध्ये आलोय. नोटिस ऑफ असेसमेंट नाहीच आमच्याकडे. आणि फीचा पहिला हप्ता बायकोने काल भरला म्हणे!

हिमगौर
हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं. हप्ता गेला तो गेला समजा. अर्जात "एकूण फी, भरलेली, बाकी" असे तीन आकडे वेगळे दाखवा आणि मागणी फक्त बाकीची करा. पूर्ण फी मागितलीत तर क्लबकडे पडताळणी होताना फरक निघेल आणि अर्ज परत येईल.

प्रेअरीकर
असेसमेंट नसेल तर कॅनडा चाइल्ड बेनिफिटचं (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) पत्र आलंय का बघा. त्या भत्त्यासाठी आरसी६६ या अर्जासोबत आरसी६६एससीएच भरावा लागतो, नवीन आलेले लोक हा दुसरा फॉर्म हमखास विसरतात. तेही नसेल तर ताज्या पेस्लिप्स, पीआर (कायम वास्तव्य) किंवा वर्क परमिटचा कागद आणि तुमची परिस्थिती माहीत असलेल्या कुणाचं पत्र: शाळेतले समुपदेशक किंवा नवागतांना मदत करणाऱ्या संस्थेतला कर्मचारी. नातेवाइकाचं नको. हे चालेल का, हे रेजायनाच्या किडस्पोर्ट समितीला अर्ज पाठवण्याआधी विचारा, कारण स्थानिक समित्यांचे नियम सारखे नसतात.

बिनधास्त_बंड्या
रॅफल काढा ना! मांस बक्षीस ठेवलेल्या सोडतीवर, म्हणजे मीट रॅफलवर, सगळा हंगाम निघतो.

हिमगौर
रॅफल एखाद्या कुटुंबाने खासगी खर्चासाठी काढायची नसते. ती परवान्याच्या नियमांत बसवून क्लब काढतो, तीही क्लबच्या कामासाठी.

प्रेअरीकर
आणि बूट आत्ता घेऊ नका. बर्फाबाहेर न वापरलेले स्वच्छ स्पोर्ट्स शूज आणि त्यावर चढवायचा स्लिप-ऑन स्लायडर (घसरता तळ) पहिल्या हंगामाला पुरतो. ब्रूम आणि स्टॅबिलायझर (घसरताना तोल सांभाळायचा आधार) बहुतेक क्लब वापरायला देतात. हेल्मेट मात्र विचारा, मुलांना सक्तीचं असू शकतं.

सरपटणारा
स्लिप-ऑन अजिबात नको. पाय वाकडा पडतो, डिलिव्हरीची, म्हणजे दगड सोडायची, सवय बिघडते. पाव इंची टेफ्लॉन स्लायडरचे बूट घ्या, एकदाच काय तो खर्च.

प्रेअरीकर
पाव इंची नवशिक्या मुलीला? स्लायडर जितका जाड तितका वेगवान, पहिल्याच दिवशी आपटेल. शिवाय तेराव्या वर्षी पाय वाढतोय, पुढच्या ऑक्टोबरात तेच बूट विकायला काढाल.

घाईत_आहे
रजिस्ट्रारचं उत्तर आलं, जागा धरून ठेवतायत. फीचं पत्र उद्या देतो म्हणाले. आरसी६६ भरला होता, दुसरा फॉर्म नाही. तिच्या टीममधल्या आणखी दोघींनाही मदत हवी आहे, तिघींचा मिळून एकच अर्ज चालेल का?

हिमगौर
नाही. प्रत्येक मुलीचा वेगळा, आपापल्या घरच्या उत्पन्नाच्या कागदांसह. पुढे स्पर्धांचा प्रवास, हॉटेल लागेल, तेही यात धरू नका. ही मदत मुख्यतः नोंदणी फीसाठी असते. प्रवासाचं कर्लसास्कला (प्रांताची कर्लिंग संघटना) विचारा.