मदत हवी आहे: जनरल रॉस नीट कळायला हल्कचे कोणते अंक वाचू?

नमस्कार मंडळी,

हल्कच्या मागे हात धुवून लागलेला जनरल थॅडियस 'थंडरबोल्ट' रॉस, याच्याबद्दल कॉमिक्सवाल्या जाणकारांची मदत पाहिजे. आमच्या वाचनाच्या ग्रुपमध्ये मी या पात्रावर बोलणार आहे. सिनेमे सगळे बघून झालेत, कॉमिक्स मात्र तुकड्यातुकड्यांत वाचलंय आणि जसजसं वाचतोय तसतसा कागदावरचा रॉस आणि पडद्यावरचा रॉस ही दोन वेगळी माणसं वाटायला लागलीत.

जे माहीत आहे ते आधी लिहितो, म्हणजे कुणाला तेच परत टाइप करावं लागणार नाही. रॉस पहिल्याच अंकापासून आहे, मे १९६२, स्टॅन ली आणि जॅक किर्बी. गॅमा बॉम्बची चाचणी, बॉम्ब बनवणारा शास्त्रज्ञ बॅनर (हाच त्या स्फोटात हल्क होतो), आणि तिथे हुकूम सोडणारा हा एअर फोर्सचा जनरल (सिनेमात त्याला आर्मीत टाकलाय). त्याला बॅनर पहिल्यापासून मिळमिळीत वाटतो आणि नेमका त्याच माणसावर याच्या बेटी नावाच्या मुलीचा जीव जडलाय, म्हणजे हल्क जन्माला यायच्या आधीच घरात धुसफूस सुरू. पुढे कितीतरी अंक हा रणगाडे, विमानं, मिसाइल घेऊन हल्कच्या मागे पळतो आणि आपण मुलीच्याच माणसावर तोफा रोखतोय हे त्याला माहीतच नसतं, ते फुटतं १९६६ मध्ये, रिक जोन्सकडून. मला तर रॉसचं सगळं दुःख या एका गोष्टीत दिसतं.

आता पडद्यावर काय झालं बघा. १९७७ ते ८२ च्या टीव्ही मालिकेत रॉस नाहीच, पाठलाग करायला जॅक मॅगी नावाचा पत्रकार आणला. २००३ मध्ये आंग लीच्या सिनेमात सॅम इलियट, आणि माझ्या मते आजवरचा सगळ्यात चांगला रॉस हाच. आवाज, मिशी, चालणं सगळं जनरलचं, पण बेटीशी बोलताना त्याला शब्द सापडत नाहीत ते बघवत नाही. २००८ ला विल्यम हर्ट आला, त्यात मुलगी आहे पण रॉसचा जीव सुपर सोल्जर प्रोग्रॅममध्ये जास्त अडकलाय, बॅनर म्हणजे त्याच्या दृष्टीने सरकारची मालमत्ता. मग २०१६ च्या सिव्हिल वॉरमध्ये तो थेट परराष्ट्र मंत्री, ११७ देशांनी मान्य केलेला, सुपरहिरोंना लगाम घालणारा सोकोव्हिया करार टेबलावर सरकवतो. तो सीन हर्टने फार संयमाने केलाय, पण सिनेमात बेटीचं नावही नाही. इन्फिनिटी वॉरमध्ये तर नुसता होलोग्राममधून दम देणारा साहेब उरला. मुलगी काढून घेतली की या माणसात वर्दी आणि फायलींशिवाय फार काही राहत नाही असं माझं ठाम मत झालंय.

हर्ट २०२२ मध्ये गेला, त्यानंतर हॅरिसन फोर्ड. २०२५ च्या 'कॅप्टन अमेरिका: ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' सिनेमात रॉस अमेरिकेचा अध्यक्ष आहे, हिंदी महासागरातल्या सेलेस्टियल बेटावरच्या (एका अवाढव्य परग्रहीय जीवाचं गोठलेलं शरीर) अॅडमँटियम या अतिकठीण धातूसाठी जपान, भारत, फ्रान्सशी बोलणी चाललीत आणि सगळ्याच्या तळाशी त्याला हवंय काय तर दुरावलेल्या मुलीने परत बोलावं. फोर्डने हे मनापासून केलंय, शेवटी लाल हल्क होऊन व्हाइट हाउस फोडतो आणि मग चेरीच्या झाडांमध्ये शांत होतो तिथे मला खरंच भरून आलं. फक्त बेटी स्वतः समोर येते अगदी शेवटी, तुरुंगात भेटायला, आणि ती भेट इतकी छोटी आहे की जीव हळहळतो.

तर प्रश्न असे:

रॉस बाप म्हणून दिसतो असे जुने अंक कोणते? लाल हल्क व्हायच्या आधीचे हवेत.

लाल हल्कची गोष्ट कुठून सुरू करायची, आणि ती बेटीपर्यंत पोचते का?

कार्टूनमधला कुठला रॉस बघण्यासारखा आहे?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

लाल हल्कचं सांगतो. २००८ मध्ये जेफ लोब आणि एड मॅकगिनेस यांनी नवी 'हल्क' मालिका काढली तिथून सुरू करा. हा लाल कोण हे दोनेक वर्षं लपवून ठेवलं होतं, २०१० ला रॉस निघाला. आणि हो, बेटीपर्यंतच पोचते! बेटी १९९८ मध्ये मेलेली असते, लीडर आणि मोडॉक या खलनायकांची टोळी ती परत मिळेल म्हणून रॉसला गळाला लावते. म्हणजे आयुष्यभर ज्याचा द्वेष केला तेच स्वतः व्हायला तो तयार होतो ते मुलीसाठी. सिनेमात हे उलटं केलंय, तिथे स्टर्न्स हा शास्त्रज्ञ त्याला नकळत गोळ्यांमधून गॅमा देतो, त्यामुळे रॉसचा स्वतःचा निर्णयच उरत नाही. माझा तरी त्यावर राग आहे. लोबची मालिका हाणामारीने ठासून भरलीये, तेवढं सहन करून शेवटपर्यंत जा.

प्रतिसाद २

जुन्यासाठी लेखक बिल मँटलोचा काळ घ्या, १९८० चं दशक. हल्कला संपवायचंच या नादात रॉस मोडॉकशी हातमिळवणी करतो, देशद्रोहाचा डाग लागतो आणि त्याला तोंडावर जाब विचारणारी बेटीच असते. ते अंक वाचताना जनरल अक्षरशः वितळताना दिसतो. मग १९८७ चा अंक ३३० घ्या, चित्रं टॉड मॅकफार्लेनची, रॉस त्यात बेटीच्या मिठीत मरतो. (कॉमिक्स आहे, परत येतो, पण तो अंक वाचताना ते विसरा.) त्याच्याही आधी, १९७० च्या दशकात, बेटीचं मेजर टॅलबटशी लग्न होतं तेही वाचा, बापाच्या मनासारखा जावई मिळूनही त्या घरात सुख येत नाही.

कार्टूनमध्ये १९९६ चं बघा, रॉसला आवाज जॉन व्हर्ननचा आहे. पहिला सीझन पुरे.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. गोळ्यांबद्दल अगदी पटलं, आता बोलताना तोच मुद्दा मध्यभागी ठेवतो. आधी मँटलो, मग ३३०, मग लोब असं ठरवलंय. अजून एक, ३३० कळायला त्याच्या आधीचे किती अंक वाचावे लागतील? झॅक्स हा विजेचा प्राणी कुठून येतो ते माहीत असलं पाहिजे का, की थेट उघडला तरी चालेल?