'एरर()'ला सरसकट 'नोरिटर्न' लावू नका

अर्धविराम: "खोट्या वॉर्निंगांचा वैताग येतो, ग्लिबसीच्या हेडरमध्ये एरर()ला नोरिटर्न लावून टाका," असं काल एकाने ठोकून दिलं. (ग्लिबसी म्हणजे लिनक्सवर वापरली जाणारी सी लायब्ररी, एरर() हे तिचं चुकीचा मेसेज छापणारं फंक्शन, आणि नोरिटर्न म्हणजे 'हे फंक्शन कधीच परत येत नाही' असं कंपायलरला दिलेलं वचन.) अहो, पहिलं आर्ग्युमेंट स्टेटस आहे, म्हणजे प्रोग्राम संपताना द्यायचा कोड! ते शून्य असेल तर एरर() मेसेज छापून परत येतं, नाहीतर एक्झिट. परत येणाऱ्या फंक्शनला नोरिटर्न म्हटलंत की पुढचा कोड कंपायलर बिनदिक्कत उडवतो. त्याच लायब्ररीतलं एर्र() मेसेज छापून प्रोग्राम संपवतं, कधीच परत येत नाही, म्हणून त्याला नोरिटर्न आहे. वॉर्न() नुसता मेसेज छापून परत येतं, म्हणून त्याला नाही.

पॉइंटरराव: नियम पाठ आहेत हो. स्विचच्या डिफॉल्टमध्ये एरर(१, ०, ...) लिहिल्यावर "फंक्शन व्हॅल्यू न देताच संपतंय" ही वॉर्निंग आली की काय करायचं?

अर्धविराम: त्यासाठीच तर ग्लिबसीत इनलाइन रॅपर, म्हणजे एरर()वर चढवलेलं छोटं फंक्शन, आहे. स्टेटस शून्येतर कॉन्स्टंट आहे हे कंपाइल करताना कळलं, तर कॉल नोरिटर्नवाल्या डिक्लेरेशनकडे वळतो.

पॉइंटरराव: आणि स्टेटस व्हेरिएबलमधून आलं की पुन्हा येरे माझ्या मागल्या.

शेवटचा_बाइट: हे काहीच नाही. खरा छळ वॉर्न-अनयूज्ड-रिझल्टचा, म्हणजे 'रिटर्न व्हॅल्यू वापरा' असं बजावणाऱ्या ॲट्रिब्यूटचा. फाइलमध्ये लिहिणाऱ्या राइट()ची रिटर्न व्हॅल्यू मुद्दाम सोडतोय म्हणून (व्हॉइड) लावलं, तरी जीसीसी कंपायलर बोंबलतो. दुसरा कंपायलर, क्लँग, गप्प बसतो.

रिकामी_डिस्क: बोंबलू दे! आमच्या लॉगरने ती व्हॅल्यू कधी तपासलीच नाही. डिस्क भरली, अर्ध्या ओळी गायब, आणि प्रोग्राम म्हणतोय सगळं आलबेल. रात्रभर आम्ही नेटवर्कला शिव्या घालत होतो.

शेवटचा_बाइट: तुमचा लॉगर म्हणजे जग नव्हे. क्रॅशच्या सिग्नल हँडलरमध्ये, म्हणजे प्रोग्राम कोसळताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, एसटीडीईआरआरवर (चुकांच्या आउटपुटवर) शेवटची ओळ लिहितोय, ती फसली तर सांगू कोणाला? सी२३ या नव्या सी मानकातल्या नोडिस्कार्डला, त्याच कामाच्या ॲट्रिब्यूटला, (व्हॉइड) चालतं, मग या जुन्या ॲट्रिब्यूटचा हट्ट कशाला?

रिकामी_डिस्क: हँडलर सोडला. बाकी एक इंचही मागे हटणार नाही. आणि ग्लिबसीत ती वॉर्निंग बफरच्या तपासण्या घालणारा फोर्टिफाय पर्याय चालू असेल तरच येते. एवढी खुपत असेल तर तो बंद करा.

शेवटचा_बाइट: म्हणजे एका वॉर्निंगसाठी बफरच्या तपासण्याही घालवू? काहीतरीच सल्ला!

पॉइंटरराव: मूळ मुद्द्यावर या. अर्धविराम, सरसकट नोरिटर्न नको, हे नाइलाजाने मान्य. मी आपला नोरिटर्नवाला रॅपर लिहितो, आत एरर() आणि खाली एक्झिट(१).

अर्धविराम: लिहा. त्याला फॉरमॅट ॲट्रिब्यूटही लावा, म्हणजे मेसेजचा साचा आणि व्हॅल्यू जुळतात का ते तपासलं जाईल, नाहीतर '%एस'ला, म्हणजे मजकुराच्या जागी, इंट (पूर्णांक) गेला तरी कंपायलर चकार शब्द काढणार नाही.