व्हेरिअंट ह्यूमन न घेणाऱ्याला खेळ कळत नाही?

फाशांची_पिशवी:
डीअँडडी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) या फासे टाकून पात्रं खेळवायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीबद्दल परवा इथे एकाने लिहिलं, ‘व्हेरिअंट ह्यूमन सोडून दुसरी रेस घेणाऱ्याला खेळ कळलेलाच नाही.’ (रेस म्हणजे पात्राचा वंश; व्हेरिअंट ह्यूमन म्हणजे पहिल्याच लेव्हलला एक फीट, म्हणजे खास कसब, मिळणारा माणूस.) असल्या वाक्यांनी नवे खेळाडू बिचकतात, म्हणून हिशेबच मांडते. पहिली लेव्हल, स्ट्रेंग्थ १६, ग्रेटस्वोर्ड, फीट ग्रेट वेपन मास्टर (वाराच्या फाशातून ५ वजा, लागला तर डॅमेजमध्ये १० अधिक). शत्रूचा एसी (वार लागायला फाशाने गाठायचा आकडा) १३ असेल तर फीट वापरून दर वाराला सरासरी ८ डॅमेज, न वापरता साडेसहा. फायदा आहे, नाही कोण म्हणतंय? एसी १६ ला दोन्हीकडे ५. एसी १८ ला मात्र वापरून ३, न वापरता ४. (क्रिट, म्हणजे फाशावर २० पडून होणारे जबर वार, धरलेले नाहीत.) चिलखतवाला समोर आला की फीटचा जोर संपला. आणि हाफ-ऑर्क? शून्यावर जायच्या ऐवजी १ एचपीवर (एचपी म्हणजे शिल्लक जीव) उभा राहतो. पहिल्या लेव्हलला अख्खी पार्टी (पात्रांची टोळी) त्या एका एचपीवर वाचलेली मी पाहिली आहे.

पाच_वजा_दहा_अधिक:
ते वाक्य माझंच, आणि मी त्यावर ठाम आहे. एसी १८ ला फीट वापरायची सक्ती कुणी केली? नसेल परवडत तर साधा वार करा. शिवाय पॉइंट बायमध्ये (ठराविक गुण वाटून पात्र बनवताना) हाफ-ऑर्कची स्ट्रेंग्थ १७, पण मॉडिफायर (फाशात मिळवायचा आकडा) १६ ला असतो तोच, +३. राहिलं ह्यूमनला नसलेलं डार्कव्हिजन (अंधारात दिसणं), ते टॉर्चवर भागतं.

मशालजी:
टॉर्चवर भागतं?? पाच जणांच्या पार्टीत मी एकटा ह्यूमन होतो. बोगद्यात मला दिसावं म्हणून टॉर्च पेटवला आणि गॉब्लिनांनी वळणापलीकडूनच आम्हाला हेरलं. त्यांना अंधारात दिसतं हो! पहिल्याच फेरीत आमचा क्लेरिक (पुजारी) पडला. त्यानंतर मी ह्यूमन घेतलेला नाही.

करडी_कुपी:
मशालजी, आता उलटी बाजू ऐका. आमच्या पार्टीत चौघांनाही डार्कव्हिजन, म्हणून टॉर्च कुणी घेतलाच नाही. आमच्या ‘रोग’ला (Rogue, चोर-पात्र) विष चढलं. फडताळात तीन कुप्या, हिरवीत उतारा आहे हे आम्हाला ठाऊक. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) विचारलं, ‘कुठली उचलता?’ मिट्ट काळोखात डार्कव्हिजनला रंग दिसत नाहीत, तिन्ही करड्या! चुकीची पाजली, आमचा ‘रोग’ मेला. त्याच काळोखात पॅसिव्ह पर्सेप्शनही (फासा न टाकता आपोआप लक्षात येण्याचा आकडा) ५ ने घसरतं. निम्मे डीएम हा नियम विसरतात, म्हणून तुम्हाला डार्कव्हिजन फुकटचं वाटतं.

मशालजी:
चौघांत लाइट कॅन्ट्रिप (उजेडाचा छोटा मंत्र) एकालाही नव्हती? मग दोष पार्टीचा.

करडी_कुपी:
पार्टी काढू नका. मेलेला ‘रोग’ दोन वर्षं खेळवलेला होता.

जुनी_पाटी:
कुप्या आणि टॉर्च राहू द्या, खरं दुखणं वेगळंच आहे. २०२० ला टाशाचं पुस्तक (नियमांची पुरवणी) आलं, रेसमुळे गुणांत मिळणारे वाढीव आकडे हवे तिथे हलवता येऊ लागले, आणि ज्याला त्याला माउंटन ड्वार्फ विझर्ड (जादूगार) हवा. इंटेलिजन्स १७, कॉन्स्टिट्यूशन १७, वर मीडियम आर्मर! २०२४ च्या सुधारित नियमपुस्तकाने ते आकडे बॅकग्राउंडला (पात्राच्या पूर्वायुष्याला) दिले आणि हाफ-एल्फला यादीतून काढलं. सात वर्षं हाफ-एल्फ वॉरलॉक खेळवलाय मी. मला ते लागलं.

पाच_वजा_दहा_अधिक:
हाफ-एल्फचं मलाही वाईट वाटलं. पण वाद पाचव्या आवृत्तीच्या मूळ, २०१४ च्या नियमांवर चाललाय.

फाशांची_पिशवी:
मग वाक्यात तसं लिहायचं होतं. २०२४ मध्ये ग्रेट वेपन मास्टर चौथ्या लेव्हलच्या आधी मिळतच नाही, ह्यूमनला पहिल्या लेव्हलला फक्त ओरिजिन फीट (सुरुवातीसाठीच्या वेगळ्या यादीतली). आणि −५/+१० तर गेलंच. नव्या माणसाने २०२४ चं पुस्तक उघडून तुमचा सल्ला पाळायचा कसा?

पाच_वजा_दहा_अधिक:
ठीक. ‘२०१४ च्या नियमांत, अवजड शस्त्रवाल्या फायटरसाठी’ एवढं जोडतो. शब्द मागे घेणार नाही. आणि पॅसिव्हचे ते ५ आमच्या टेबलावर आजवर कुणीच वजा केलेले नाहीत, डीएमला विचारतो.