नागपूरहून दोन दिवस: मार्कंडा की लोणार? आणि माझ्या मूर्ती चपट्या का येतात?

चष्मेवाली_मानेवाडा

नमस्कार मंडळी. 26 जानेवारीला जोडून दोन दिवस हाताशी आहेत. गाडी जुनी वॅगनआर, चालवणार नवरा, मागच्या सीटवर सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, पण घरी एकट्या थांबायला तयार नाहीत, आणि त्या नसल्या तर डबा कोण भरणार हाही प्रश्न आहेच. कॅमेरा मागच्या दिवाळीत सेकंडहँड घेतला. सोबत 18-55 आणि एक 50 एमएम लेन्स.

वाघ नको. ताडोब्याला दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा जिप्सीत पुढे बसलेल्या काकांच्या टोपीचे शंभरेक फोटो निघाले, दुसऱ्यांदा एक पाठमोरा सांबर. मला देवळं, कोरीवकाम आणि रस्त्यात भेटणारी माणसं आवडतात.

खरी अडचण पुढे आहे. गेल्या मार्चमध्ये मैत्रिणींसोबत मार्कंड्याला, म्हणजे चामोर्शीजवळच्या वैनगंगेकाठच्या जुन्या देवळांकडे, गेले होते. आदल्या रात्री गडचिरोलीत मुक्काम केला, पहाटे उठलो आणि साडेसातला देवळापुढे हजर. यूट्यूबवर सगळे सांगतात तसं कोवळं सोनेरी ऊन, समोरच्या भिंतीवर नुसतं सोनं. घरी येऊन बघते तर मूर्ती पोळपाटावर चिकटवल्यासारख्या चपट्या. रंग छान, उठाव शून्य. कॅमेरा बदलू का? लेन्स? की मार्कंड्याचा नाद सोडून लोणारला जाऊ?

महालचा_बुलेटवाला

ताई, लोणार! विचार कायचा करून राहिल्या? मी बुलेटवाला, अन् समृद्धीवर दुचाकीला बंदी, म्हणून मले अमरावती-अकोला-पातूर-मालेगाव-मेहकर असा वळसा पडते. तुमच्याजवळ कार आहे. समृद्धीनं मेहकरला उतरा, तिथून लोणार अर्धा-पाऊण तास. फक्त समृद्धीवर मधात गाडी थांबवून फोटो काढाचं डोक्यात आणू नका, थांबाले मनाई आहे अन् मागून गाड्या एकशेवीसनं येतात.

विवर पावणेदोन किलोमीटरच्या वर रुंद आहे. काठावरून 18 एमएममध्ये मावत नाही. कॅमेरा उभा धरा, एक्सपोजर (उजेड) अन् व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) मॅन्युअलवर ठेवा, डावीकडून उजवीकडे सहा-सात फोटो काढा, प्रत्येकात आधीच्याचा तिसरा हिस्सा आला पाहिजे. घरी जोडा. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) असला तर काढून ठेवा, नाहीतर जोडलेल्या आभाळात गडद पट्टा दिसते. अन् विवरातल्या तळ्याचं गुलाबी पाणी पाहाले जाऊ नका, ते जून 2020 मधलं होतं. एरवी हिरवटच असते.

सासूबाईंले खाली उतरवू नका. गावातलं दैत्यसूदन मंदिर दाखवा, त्याच्यावर कोरीवकाम भरपूर आहे.

निवृत्त_आरेखक

बुलेटवाल्या, लोणार वाईट नाही. पण बाईंनी विचारलं काय आणि तू सांगून राहिलास काय? मूर्ती चपट्या येतात हा त्यांचा प्रश्न आहे. त्या इथून लोणारला गेल्या तर दैत्यसूदनाच्या मूर्तीही चपट्याच घेऊन येतील.

बाई, कॅमेरा बदलू नका. मी बांधकाम खात्यात तीस वर्षं आरेखक होतो. नवीन इमारतीचा गिलावा तपासायला आमचे साहेब यायचे ते संध्याकाळी, आणि हातात वायर लावलेला बल्ब. बल्ब भिंतीसमोर कधी धरायचे नाहीत. भिंतीला गाल लावल्यासारखा बाजूने धरायचे. लगेच कुठे पोट आलंय, कुठे खड्डा राहिलाय, सगळं उघडं. समोरून धरला की तीच भिंत आरशासारखी. ठेकेदार नेहमी म्हणायचा, साहेब, समोरून बघा की!

तुम्ही साडेसातला पूर्वेकडची भिंत काढलीत. मार्चमध्ये सूर्य जवळपास नेमका पूर्वेला उगवतो. म्हणजे बल्ब अगदी समोर. ऊन सोनेरी असो नाहीतर पांढरं, समोरून आलं की उठाव गेला. वेळ चुकली नाही, भिंत चुकली.

आता जानेवारीअखेरचा हिशेब सांगतो. मोबाईलमधलं होकायंत्र काढून कुठली भिंत कुठल्या दिशेला आहे ते आधी बघून घ्या. त्या दिवसांत सूर्य पूर्वेच्या वीसेक अंश दक्षिणेला उगवतो. म्हणून सकाळी आठच्या सुमारास दक्षिणेच्या भिंतीला ऊन घासून जातं, जेमतेम पंचवीस अंशांचा कोन. तीच वेळ दक्षिणेची. संध्याकाळी पावणेपाचला पुन्हा तसंच, पण दुसऱ्या बाजूने, सावल्या उलट. दोन्ही वेळा काढा आणि शेजारी ठेवून बघा, एकाच मूर्तीचे दोन चेहरे दिसतील.

पूर्वेची भिंत साडेदहा-अकराला. यावर लोक हसतात, अकराला कोण फोटो काढतं म्हणून. पण अकराला पूर्वेच्या भिंतीला ऊन जवळजवळ चाटून जात असतं, वीस अंश. तसंच पश्चिमेचं दुपारी पावणेदोनला. सोनेरी नसेल, पण मूर्तीचं नाक दिसेल.

उत्तरेची भिंत सोपीही आहे आणि फसवीही. सप्टेंबरच्या शेवटापासून मार्चच्या एकवीस-बावीसपर्यंत उत्तरेच्या उभ्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. तिथे फक्त आभाळाचा उजेड, मऊ आणि निळसर. व्हाइट बॅलन्स 'शेड'वर, म्हणजे सावलीच्या सेटिंगवर घ्या. ट्रायपॉड नेऊ नका, पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात त्याला परवानगी लागते. हातातल्या कॅमेऱ्याला कोणी अडवत नाही. कठड्यावर टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावा, एफ 8, आयएसओ 400. ही भिंत दिवसभरात कधीही काढा, म्हणून ती शेवटी ठेवा.

अजून एक. आम्हाला ड्रॉइंगमध्ये छाया दाखवायची तर उजेड वरून, डाव्या अंगाने येतोय असं धरायला शिकवायचे. डोळ्यालाही उजेड वरून आलेला समजतो. कोरीवकामाचा फोटो उलटा धरून बघा, कित्येकदा उठाव खोल दिसायला लागतो आणि खोल भाग उठावाचा. फोटो घरी आल्यावर गंमत म्हणून करा, सासूबाईंनाही दाखवा.

रस्ता उमरेड, भिवापूर, नागभीड, सिंदेवाही, मूल, चामोर्शी. एका बाजूचे पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर होतील. नागभीडपासून पुढे जंगल बरंच लागतं. अंधारात गाडी चालवू नका, रानडुकरं आणि चितळं रस्त्यावर येतात. आदल्या दिवशी दुपारी निघून उजेडात मूलपर्यंत पोचा, तिथे मुक्काम करा. मुक्कामाची खोली आधी बघून घ्या, मागच्या खेपेला मला एका लॉजवर रात्री दोन वाजता जनरेटरच्या शेजारी झोपायची वेळ आली होती.

मार्कंड्याला देवळाभोवतीची जमीन सपाट आहे, गुडघ्यांना त्रास नाही. नदी शेजारीच. वैनगंगा तिथे उत्तरेकडे वळते, म्हणून गावकरी त्या जागेला फार मानतात. महाशिवरात्रीला यात्रा असते, तेव्हा मात्र देऊळ नाही, माणसंच काढा.

मिरचीवाला_भिवापूर

आरेखक काकांना नमस्कार. ताई, तुम्हाला रस्त्यातली माणसं हवीत ना? मग भिवापूर नुसतं ओलांडून जाऊ नका. तिथपासून मूलपर्यंत त्या दिवसांत कुठे ना कुठे मिरची सातरा लागलेला असतो. शेतात किंवा मोकळ्या पटांगणात मिरचीचे लाल ढीग आणि भोवती बसून डेठ तोडणाऱ्या बाया.

कॅमेरा गळ्यात घालून थेट घुसू नका. मजुरी किलोवर असते, तुमच्यापुढे पोज देण्यात त्यांचा वेळ जातो. आधी मुकादमाला विचारा, मग बायांना. नाही म्हटलं तर नाही. ढिगाकडून येणाऱ्या वाऱ्याकडे तोंड करून उभ्या राहू नका, ठसका लागेल. लेन्स तिथे बदलू नका, बारीक धूळ उडते आणि सेन्सरवर बसली की साफ करायला नागपूरलाच यावं लागेल. 50 एमएम आधीच लावून ठेवा.

अजून एक, लाल रंगाची गंमत. मिरचीचा ढीग भर उन्हात काढला की कॅमेऱ्याचा लाल चॅनल भरून जातो आणि सगळ्या मिरच्या एकच लाल गोळा होतात, मिरचीवरची घडी दिसत नाही. एक स्टॉप अंडर, म्हणजे निम्म्या उजेडावर घ्या. हिस्टोग्राममध्ये (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखात) लाल वेगळा दाखवता येत असेल तर तोच बघा.

चष्मेवाली_मानेवाडा

परत आले! आरेखक काका, दंडवत.

शनिवारी दुपारी निघून मूलला मुक्काम केला, रविवारी सकाळी पावणेआठला देवळात. आधी सवयीने पूर्वेच्या बाजूला गेले, मग तुमचा बल्ब आठवला आणि दक्षिणेला वळले. तिथे माझा आवाजच बंद झाला. एका मूर्तीच्या मेखलेचा एकेक मणी सुटा दिसत होता. तेच देऊळ, तोच 18-55. मार्चमध्ये मी या भिंतीकडे पाहिलंसुद्धा नव्हतं, कारण तिच्यावर "छान ऊन" नव्हतं.

नवरा कंटाळून नदीवर गेला आणि पुलाचे फोटो मोबाईलवर काढत बसला. ते माझ्या निम्म्या फोटोंपेक्षा बरे आलेत, त्यावर इथे चर्चा नको.

उत्तरेची भिंत शेडवर काढली, निळेपणा गेला. पण तिथून निघताना शेड परत बदलायचं विसरले. येताना नागभीडच्या अलीकडे सातरा दिसला. मुकादमाला विचारलं, बायांना विचारलं, दोन जणी नको म्हणाल्या, बाकीच्या हसल्या. एक स्टॉप अंडर घेतलं, लेन्सही बदलली नाही, सगळं तुम्ही सांगितलं तसं. आणि घरी येऊन बघते तर सगळ्या मिरच्या नारिंगी! जेपेग काढले होते, आता दुरुस्त करून करून किती करणार.

एक फोटो मात्र तरीही ठेवलाय. आम्ही बोलत असताना सासूबाई गुडघे सांभाळत कधी खाली बसल्या आणि डेठ तोडायला लागल्या ते कळलंच नाही. शेजारच्या आजींनी त्यांच्या हातातली मिरची घेतली, अशी नाही, अशी धरायची, म्हणून दाखवली. दोन म्हाताऱ्या हातांमध्ये एक मिरची, नारिंगी का होईना. घरी आल्यावर सासूबाई तीन दिवस शिंकत होत्या आणि पुढच्या खेपेला तिथेच थांबू म्हणतात, देवळात तुझं तू जा.

बुलेटवाले दादा, लोणार पावसाळ्यानंतर नक्की.

निवृत्त_आरेखक

छान. जेपेगचं मी सांगायला हवं होतं. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढला असता तर मिरच्या पुन्हा लाल करता आल्या असत्या, ते माझं चुकलं.

पश्चिमेच्या भिंतीबद्दल काही लिहिलं नाहीत. दुपारी पावणेदोनला काढली का?

चष्मेवाली_मानेवाडा

पावणेदोनला सासूबाईंचा डबा उघडला होता काका. वांग्याचं भरीत होतं.